येते मी

लिफ्ट बंद, वायफाय बंद, इन्व्हर्टरनेही मान टाकलेली. अशा वेळी बिल्डिंगमधली पोरं जाणार कुठे? खाली, मामांकडे. मामा म्हणजे गेटवरचे वॉचमन. उभा जन्म गेटं राखण्यात गेलेला माणूस. आधी बँकेचं, मग एका मॅटर्निटीचं, आता यांचं.

"मामा, भुताची सांगा ना," जाड्या म्हणाला.

"भुताची येत नाही मला. एका वायरमनची येते. माझ्या चांगल्या ओळखीचा होता. सांगू?"

जाड्याची ताई खुर्ची ओढून बसली. तिचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. "खरी असेल तरच सांगा. उगाच फेकाफेकी नको."

"खोटी कशाला सांगू? खरीच पुरत नाही का?"

तर हा वायरमन. तिशीचा, हसरा, हाताला गुण असलेला. अख्ख्या गावाची घरं उजळायचा आणि स्वतःच्या बिल्डिंगच्या जिन्यात महिना झाला तरी बल्ब नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हाच. बायकोचं पहिलंच बाळंतपण. आठव्या महिन्यापर्यंत सगळं एकदम छान. मग एका पहाटे अंथरूण लाल झालं. धावतपळत नेलं, सोनोग्राफी केली, तर वार खाली आलेली.

"वार म्हणजे मंगळवार-बुधवार?" जाड्याने विचारलं.

"गप रे. बाळाला पोसते ती वार. ती वर असायला हवी. हिची थेट दारात येऊन बसलेली. बाळाने बाहेर यायचं कुठून?"

डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "कळा येऊ द्यायच्या नाहीत. कळा सुरू झाल्या तर रक्त आवरता आवरायचं नाही. दोघांच्याही जिवावर बेतेल. आपण आधीच सिझर करून टाकू." दिवस ठरला. अठरा डिसेंबर, बुधवार, सकाळी आठ. आदल्या संध्याकाळी भरती व्हायचं. मधले दिवस नीट गेले, ठरल्याप्रमाणे भरतीही झाली. म्हणजे प्रश्न काय तो एका रात्रीचा. सतरा तारखेची, मंगळवारची रात्र. ती बिनकळांची सरली की जिंकलो.

रात्री साडेदहाला बायकोने फर्मान काढलं. "माझी उशी आणा. गुडघ्यांत घ्यायची लांबडी. तिच्याशिवाय मला झोप नाही."

"अगं, इथे आहेत ना दोन."

"त्या उशा आहेत? विटा आहेत विटा."

सासूबाई म्हणाल्या, "जा हो जावईबापू. ती जागी राहिली तर आपल्यालाही जागवेल. आणि उशीच आणा. संध्याकाळी टॉवेल सांगितला तर चादर घेऊन आलात."

गडी हसत निघाला. स्कूटर काढली, दहा मिनिटांत घरी. बिल्डिंगचा जिना चढायला लागला. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून टॉर्च नाही लावला, पायांना सवय होतीच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर एक बाई बसलेली. भिंतीला टेकून. एक हात कमरेवर. अवघडलेली होती, एवढं अंधारातही कळत होतं. दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते, त्यांच्याकडची कुणी असेल म्हणून तो अंग चोरून बाजूने निघाला.

"झाली का मोकळी?" बाईने विचारलं.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीतच होतं. "नाही अजून," तो म्हणाला. "सकाळी आहे. आठला."

"बरं..."

वर गेला, कुलूप उघडलं, उशी काखेत मारली, खाली उतरला. बाई तिथेच. आता उभी. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, मान खाली. श्वास असा... तोंडाने. थांबून थांबून.

"ताई, बरं नाही वाटत का? घरातल्या कुणाला बोलावू?"

"कुणी नाही."

"दवाखान्यात जायचंय का?"

तिने कठडा आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मला नेलंच नाही कुणी."

बायको तिकडे खोळंबलेली. म्हणाला, मी वरच्यांना फोन करतो, तुम्ही बसून राहा. दोन पायऱ्या उतरला. मागून आवाज आला. अगदी साधा, घरातल्यासारखा.

"बरं. येते मी."

"हां, या," तो म्हणाला आणि उतरला.

मामा इथे थांबले. पाण्याची बाटली तोंडाला लावली. सावकाश झाकण लावलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली होती.

"मामा... निघताना आपण 'येते' म्हणतो. पण ती कुठे निघाली होती? निघाला तर हा होता."

"आणि हा काय म्हणाला?"

"या," ताई म्हणाली. हळूच.

स्कूटर सुरू झाली, पण ओढेना. उशी पुढे पायाशी ठेवलेली, मागे कुणी नाही, तरी मागचं चाक बसलेलं. हवा गेली असेल, वायरमन मनात म्हणाला. वळणावर स्कूटर एका बाजूला कलली. मागचं माणूस तोल सांभाळतं ना, तशी. त्याने आरशात बघितलं नाही. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाठीला गार लागत होतं. आणि मानेवर... गरम. थांबून थांबून.

मॅटर्निटीच्या गेटवर वॉचमन धावत बाहेर आला आणि त्याच्यावर उखडलाच. "अक्कल गहाण टाकली का? दिवस भरलेली बाई स्कूटरवर आणतात? उतरा ताई, सांभाळून. थांबा, चाकांची खुर्ची आणतो."

खुर्ची आणली. वायरमन एकटाच उभा.

"उतरल्या?"

"कोण?"

"अरे, मागे होत्या त्या."

दोघांनी मागची सीट बघितली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मामा," जाड्याचा आवाज बारीक झाला होता. "तो वॉचमन..."

"गेटवर दुसरं कोण असणार, बाळा?"

जाड्याने पाय वर खुर्चीत घेतले.

वायरमन वर गेला. उशी दिली. बायको तिला बिलगून पाचव्या मिनिटाला झोपली. सासूबाई खालच्या सतरंजीवर घोरायला लागल्या. हा भिंतीला टेकून उभा. सांगणार कुणाला? सांगणार काय?

साडेबाराला सिस्टर आली. बायकोच्या पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं. कळ आली की मशीनच्या कागदावर डोंगर उमटतो, नाहीतर रेघ सरळ जाते. रेघ सरळ निघाली. सरळ... सरळ... मग चढली.

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने पोटावर हात ठेवला. पोट मऊ. बायको गाढ झोपेत. डोंगर उतरला. थोड्या वेळाने पुन्हा चढला. पोट मऊच.

"तुम्ही वायरमन ना?" सिस्टर म्हणाली. "बघा हो जरा, मशीन वेड्यासारखं करतंय."

त्याने वायर बघितली. पिन बघितली. प्लग हलवून बघितला. सगळं नीट. सिस्टरने पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. नुसता. कुणाच्याही पोटावर नाही.

रेघ चढली.

मोठा डोंगर. आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा.

सिस्टरने प्लगच उपटला. "डॉक्टरांना सांगते," म्हणाली आणि निघून गेली. जवळजवळ पळालीच.

खोलीत तिघं. आणि श्वास चौघांचे.

वायरमनने खूप वेळ ऐकलं. चौथा श्वास बायकोच्या उजव्या हाताला होता. भीती तर वाटत होतीच. पण त्याला एवढंच कळत होतं, रात्र सरायला हवी. हिला कळ यायला नको. त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

"ताई, बसा. सकाळी हिला नेतील तेव्हा तुम्हीही चला. मी नेतो म्हणतोय. पण तोवर... हिला नका देऊ. तुमचं तुमच्याकडे ठेवा."

स्टूल करकरलं.

तो खाली बसला. उजाडेपर्यंत तसाच. बायकोने कूससुद्धा बदलली नाही.

आठला नेलं. दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं. वायरमनने दार लगेच लोटू दिलं नाही. माणूस जाईल एवढा वेळ धरून ठेवलं. वॉर्डबॉय म्हणाला, "सोडा की आता." मग सोडलं.

आतलं बायकोने नंतर सांगितलं. कमरेखाली सगळं बधिर, छातीसमोर हिरवा पडदा, ती टक्क जागी. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाईंचं काम चाललेलं. मध्येच त्या थांबल्या. "दुखतंय का? कण्हू नका, सांगा मला."

"मी नाही कण्हत."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं. कण्हणं चालूच. उजवीकडून. तिथे कुणी उभं नव्हतं. सिस्टर त्या बाजूला बघत थांबली. "काम करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कण्हणं चढत गेलं... चढत गेलं...

बाळ रडलं.

आणि एकदम शांत. भुलीच्या डॉक्टरांनी तर घाम पुसला म्हणे. थंडीत.

मुलगी झाली. बायकोला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, पण दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "मोकळी झाली हो." वायरमन तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. दुसऱ्या मजल्यावर त्याने नंतर चौकशी केली. नवे भाडेकरू म्हणजे दोन कॉलेजची पोरं. बाईमाणूस कुणी नाही.

ताई उठली. ओढणी सावरली. "बापरे मामा. चला, ये..."

शब्द तिथेच अडकला. कुणी हसलं नाही.

"बस," मामा म्हणाले. "थोडं राहिलंय."

वॉर्डात आणल्यावर सासूबाईंनी लेकीचा उजवा हात पांघरुणाबाहेर काढला. मनगटावर नखं रुतलेली. चार वरच्या बाजूला, एक खाली. नखाएवढेच लाल चंद्र. कळ आली की बाई हाताला लागेल ते आवळते, तसं कुणीतरी आवळलेलं. हिला तर अख्ख्या बाळंतपणात एक कळ आली नव्हती. मलम दिलं, आठ दिवसांत जाईल म्हणाले.

मुलगी आता दुसरीत आहे. परवा तिची आई मला बाजारात भेटली. मी काही विचारलं नव्हतं. तिनेच घड्याळाचा पट्टा सोडला, हात पुढे केला.

अजून लाल आहेत.