तोंड लावलेली नळी

जेवणं झालीत ना सगळ्यांची? मग सांगतो. ही गोष्ट जेवणाआधी सांगायची नाही. खरं तर जेवल्यावर लगेचही नाही, पण तुम्ही ऐकताय कुठे.

माझा साडू प्लंबर. कामाला चोख, पण हट्टी. गेल्या नोव्हेंबरातल्या अमावास्येला तो समुद्राकाठच्या एका आडगावी गेला. बंदर, चार गल्ल्या आणि टेकडीवर पडका किल्ला. लोक हौसेने बघायला जातात म्हणे तो किल्ला. बघायचं काय डोंबल, वटवाघळांची घाण? पण गावाला गोडं पाणी त्याच किल्ल्यातल्या जुन्या टाक्याचं. तिथल्या एका बाईंची खानावळ दुसऱ्या दिवशी उघडायची होती आणि नळाला थेंब नव्हता. साडूने शब्द दिला, रात्रीत पाणी आणतो.

दुपारभर खपून त्याने टाक्यात नळी सोडली आणि तटावरून उतरवत खानावळीच्या मागच्या अंगणात आणली. नळीतली हवा निघाली की पाणी आपसूक उतरणार. तोवर नऊ वाजून गेले होते. बाई दारात आल्या.

"वर जाऊन बादलीने नळी भरा, भाऊ. तोंड नका लावू."

का, म्हणून याने विचारलं. बाईंनी आत जाऊन कडी लावली.

आता काळोखात पुन्हा टेकडी कोण चढणार? त्याने सगळे करतात तेच केलं. नळी तोंडात धरली आणि श्वास ओढला. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात, ती याने घेतली.

आधी वास आला. फुलदाणीत महिनाभर राहिलेल्या पाण्याचा. मग जिभेवर काहीतरी बुळबुळीत, कोमट. शेवाळ असेल म्हणून त्याने बोटं घालून ओढलं. केस होते. लांबच लांब. ओढतोय, ओढतोय... संपेनात. निम्मे घशाखाली उतरलेले. शी!

आणि मग... नळीतून कोणीतरी ओढलं.

वरून. किल्ल्यातून.

हळू. परत एकदा.

त्याचं तोंड नळीवर आपटलं. ओरडता येईना... खिशातली सुरी काढली. कापले. नळीतलं टोक सर्रकन वर गेलं.

मागोमाग पाणी आलं. अगदी नितळ.

खानावळ ठरल्या वेळी उघडली. साडू तिथे चहालाही थांबला नाही.

पण पोटात गेलेलं टोक? डॉक्टरांनी आत बघितलं, फोटो काढले, म्हणाले काही नाही. हा मात्र सारखा खाकरतो. घास उतरत नाही. वाळून निम्मा झालाय. असंच चाललं तर टिकायचा नाही, माझी मेहुणी रोज फोनवर रडते.

मागच्या आठवड्यात तो माझ्याकडे मुक्कामाला होता. तुमची काकू माहेरी, घरात आम्ही दोघंच. पहाटे हाक मारली... ओ नाही. दिवा लावला. झोपला होता, तोंड उघडं. ओठांतून केस बाहेर आलेले. वीतभर. ओले.

आणि कोणीतरी त्यांची घट्ट वेणी घातली होती.