शनिवारची लेक

आमच्या शाळेत परदेशी शिक्षक आला की तो माझ्याच गळ्यात पडतो, कारण इंग्रजी शिकवणारी मी एकटी. त्याला बँकेत खातं उघडून देणं, गॅसवाल्याला बोलावणं, उरलेलं अन्न कुठल्या डब्यात आणि प्लास्टिक कुठल्या पोत्यात टाकायचं ते दाखवणं, ताप आला तर दवाखान्यात सोबत जाणं, हे सगळं मी एकोणीस वर्षं करतेय. इश्बेल ही नववी. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची, सव्वीस वर्षांची, तांबड्या केसांची. आमची भाषा तिला नमस्कार, धन्यवाद आणि ‘कमी तिखट’ एवढीच येत होती.

पोरं तिच्यावर जीव टाकायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसण्यावरून भांडणं व्हायची. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी असायची. मला ते लागायचं, नाही असं नाही. पण ही माणसं वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. मागच्या आठांचं कौतुक पाहिलं, तसं हिचंही पाहू, असं मी मनाशी म्हणायचे.

ऑक्टोबरमध्ये उपमुख्याध्यापक म्हणाले की ह्योसनबाई, तिला एकदा आपल्याकडचं खरं घर दाखवा. म्हणून मी तिला आईकडे नेलं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गोहंगच्या किनाऱ्यावर, बसनं चाळीस मिनिटांवर, एकटी राहते. नजर चांगली, स्मरण त्याहून चांगलं. तिनं मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. मी तेरा वर्षांची असताना थोरल्या भावाला ग्वांगजू शहरात शिकायला पाठवायचं म्हणून तिनं मला वर्षभर शाळेतून काढलं आणि कालवं फोडायला बसवलं. त्याबद्दल पुढं ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण वाट पाहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ती ओसरीवर लसूण सोलत होती. तिनं मान वर केली आणि इश्बेलकडे पाहिलं.

“आलीस? हात धू अन् बस.”

इश्बेल घरामागं गेली आणि ओले हात झटकत परत आली. जेवताना आईनं माशाचे काटे काढून एकेक तुकडा तिच्या भातावर ठेवला. माझे काटे मी काढले. घरामागचा नळ अंगणातून दिसत नाही, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं. आईनं बोटानं दाखवला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर इश्बेल दर शनिवारी एकटीच जाऊ लागली. सोमवारी तिच्या टेबलावर आईच्या हातच्या युजाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक लिंबांच्या, मुरांब्याची बरणी असायची. त्यातला चमचाभर मुरांबा गरम पाण्यात कालवून ती पोरांना द्यायची. तीन हिवाळे आईनं मला बरणी दिली नव्हती. हात दुखतात म्हणाली होती. मी इश्बेलला विचारलं, तुम्ही दोघी बोलता तरी काय? ती इंग्रजीत म्हणाली, फारसं काही नाही, मी नुसती बसते. तिचं ते हसणं मला सहन झालं नाही. मी आईकडे जाणंच बंद केलं. बघू माझी आठवण येते का, असं वाटलं.

पाच आठवडे फोन आला नाही. मग आला तो शेजारच्या काकूंचा. त्या आईच्या जुन्या मैत्रीण. इकडचंतिकडचं बोलून त्या म्हणाल्या की आई आता छान हसते, दर शनिवारी लेक येते ना, म्हणून.

“काकू, मी तर महिनाभर आलेच नाहीये. ती आमच्या शाळेतली गोरी बाई.”

काकू हसल्या.

“गोऱ्या बाईला मी ओळखणार नाही होय? तूच होतीस. परवा कुंपणापाशी उभं राहून माझ्याशी बोललीस की. नातवाला सायकल घ्या म्हणालीस.”

काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी ते धरून ठेवलं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी गेले. लख्ख ऊन होतं, वारा नव्हता. अंगणात चटयांवर समुद्रशेवाळ वाळत होतं, त्याचा खारट वास दगडी कुंपणाबाहेरपर्यंत येत होता. फाटकाला हात लावणार तोच आईचा आवाज आला.

“त्या वर्षी तुला शाळेतून काढलं. चुकलंच माझं. पोरी, तुझी बोटं सोलून निघायची. मी बघायचे अन् तोंड फिरवायचे.”

अडतीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते.

“जाऊ दे ना आई,” उत्तर आलं. “मी केव्हाच विसरले.”

तो माझा आवाज होता. आमच्या गावच्या बोलीतला, ‘आई’वर किंचित चढणारा. फक्त त्यात राग नव्हता.

मी विसरले नव्हते. माफ करायचं की नाही, ते माझं होतं.

मी फाटक ढकललं.

ओसरीवर आई बसली होती. इश्बेलचं डोकं तिच्या मांडीवर. आई बारीक काडीनं तिचा कान साफ करत होती. तांबडे केस आईच्या गुडघ्यावर पसरले होते. इश्बेलनं डोळे उघडले नाहीत.

आईनं हातातली काडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती.

“कोण हवंय आपल्याला?”

“आई,” मी म्हणाले, “मी ह्योसन. मला आधी हात धुऊन घेऊ दे, मग बोलू.”

इश्बेल पडल्यापडल्या म्हणाली, “माझ्या शाळेतल्या आहेत, आई.”

आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं बसायची उशी पुढं सरकवली, माझ्याकडे बघून अदबीनं मान लववली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“आमची भाषा किती छान बोलता तुम्ही. किती वर्षं झाली इथं येऊन?”

मी उत्तर दिलं. शब्द जुळवायला मला जरा वेळ लागला.