जावक दोन, आवक एक

वसईहून मी एकटीच परत आले.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलं असेल तर न वाचल्यासारखं करा. मीही न लिहिल्यासारखं करते. डिसेंबर आहे, सीबीडी बेलापूरमध्ये एकोणीस अंश तापमान आहे आणि आमच्या ऑफिसातले लोक हिमालयातून उतरल्यासारखे मफलर गुंडाळून मस्टरवर सह्या करतायत. तिथून सुरू करू.

मी क्षिप्रा. एका सरकारी कार्यालयात, चौथ्या मजल्यावर, आवक-जावक लिपिक. आलेल्या कागदाला आवक नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला जावक नंबर. नंबर नसेल तर कागद आलेला नाही. तो समोर टेबलावर पडलेला असला, त्याच्यावर चहाचा डाग पडलेला असला, तरी तो आलेला नाही. हे मला पहिल्याच दिवशी मुख्य लिपिक दिनानाथ सरांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे नाही, माझ्या नेमणुकीच्या पत्राकडे बघत होते.

हरेश आला तो लिफ्टमुळे. तो दुसऱ्या मजल्यावर, नकाशा शाखेत. त्या दिवशी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबलीच नाही. थेट चौथ्यावर आली, दार उघडलं आणि उघडंच राहिलं. समोर माझी खिडकी. तो जरा वेळ आतच उभा राहिला… मग आल्यासारखा आला आणि हातातला कागद खिडकीतून आत सरकवला.

"याला नंबर मिळेल का, मॅडम?"

पनवेल-वसई मेमू गाडीचं वेळापत्रक होतं. मी विचारलं, हे कुणाला उद्देशून आहे?

"अजून ठरवलं नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मग वेळापत्रकाकडे. मग परत माझ्याकडे – ही तिसरी नजर नियमात बसत नव्हती. मी शिक्का उचलला आणि कागदाऐवजी टेबलावर मारला.

त्यानंतर लिफ्ट रोज बिघडायला लागली.

त्याचं म्हणणं असं होतं की सगळे लोणावळ्याला जातात, कारण पनवेलहून थेट वसईला गाडी जाते हे कुणाला माहीतच नाही. सकाळची गाडी जवळजवळ रिकामी असते. तळोज्याला धुकं असतं, पुढे खाडी, मग मिठागरं. आणि शेवटी वसईतलं पापडीचं मोठं चर्च. बिशपचं ते, म्हणून त्याला कॅथीड्रल म्हणायचं. नाताळाच्या आधी तिथे येशूजन्माच्या गोठ्याची तयारी चालते. आत कुणी नसतं, नुसता गारवा असतो. येताना सुकेळी घ्यायची, वसईची वाळवलेली केळी. तू ख्रिश्चन आहेस का, असं मी विचारलं. तर नाही, नावड्याचा आगरी. पण मोठी रिकामी जागा बघितली की आपण तिथे कुणाबरोबर तरी बसावं असं त्याला वाटतं. 'कुणाबरोबर तरी' म्हणताना तो माझं पंचिंग मशीन उघडमीट करत होता.

"मॅडम, रजा टाका."

"मॅडम म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"आवक-जावक म्हण."

"आवक," तो म्हणाला, "रजा टाक."

तीनदा बेत ठरला. एकदा ऑडिट आलं, एकदा माझ्या आईचा गुडघा. तिसऱ्या वेळी काहीच आलं नाही. आम्ही दोघं आपापल्या घरी सकाळी सहाला तयार होऊन बसलो आणि दोघांनी एकाच मिनिटाला 'आज जमणार नाही' असा मेसेज टाकला. घाबरलो होतो. रिकाम्या गाडीत अडीच तास बसल्यावर माणसाला खरं काहीतरी बोलावं लागतं.

आता चूक सांगते. ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते.

आमच्याकडे नोंदवहीत रोजच्या पानावर शेवटी दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवतात. साहेबांना कधीतरी वाटतं की अमुक पत्र आज नव्हे, मागच्या आठवड्यातच गेलेलं असायला हवं होतं. मग ते त्या कोऱ्या ओळीत मागच्या तारखेला जातं. एकदा लिहिलं की ते त्याच दिवशी गेलेलं असतं. टपालवाल्यालासुद्धा नेल्याचं आठवतं.

त्या गुरुवारी हरेश म्हणाला, आपण वसईला कधीच जाणार नाही, आपण नुसते ठरवत राहणार. मला राग आला. मी जावक वही ओढली, आदल्या दिवसाचं, बुधवारचं पान काढलं. दोन ओळी कोऱ्या होत्या. पहिलीत लिहिलं: क्षिप्रा, वसईस रवाना. दुसरीत: हरेश, वसईस रवाना. मग आवक वहीतलं बुधवारचं पान काढलं. तिथे एकच ओळ शिल्लक होती. लिहिलं: क्षिप्रा, वसईहून प्राप्त.

"आणि मी?" हरेशने विचारलं.

जागा नाही, मी म्हटलं, तू तिकडेच राहा.

आम्ही दोघं हसलो. खिडकीची काच वाऱ्याने वाजली, आणि त्याचं हसणं माझ्याआधी थांबलं… एवढंच.

शुक्रवारी सकाळी चहावाल्याने कप ठेवला आणि विचारलं, वसई कशी होती? माझ्या खात्यातली बुधवारची किरकोळ रजा वजा झाली होती. मी बुधवारी दिवसभर याच खुर्चीत होते. पण मस्टरवर माझी सही नव्हती. दुपारी हरेश वर आला तेव्हा चहावाला त्याच्या अंगावरून कप घेऊन गेला. अक्षरशः, हरेशला बाजूला व्हावं लागलं. सोमवारी त्याची खुर्ची दुसऱ्या शाखेने नेली. मंगळवारी तो उभ्याने नकाशे काढत होता आणि साहेब त्याच्या जागी दुसरा माणूस द्या असं पत्र लिहीत होते. त्या पत्राला जावक नंबर मीच दिला. अक्षर चांगलं आलं.

हरेशने आधी मजा केली. लिफ्टमध्ये साहेबांच्या कानाशी शिट्टी वाजवली. मग बुधवारी त्याने मला घरी येशील का विचारलं. नुसतं विचारलं, शिट्टीशिवाय.

नावड्याचं त्यांचं घर तीन मजली, खाली दोन भाडेकरू. त्याची आई, शेवंताबाई, ओट्यावर बसून वाल सोलत होती. हरेश तिच्या शेजारी टेकला, सुपातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोन गो तू? बस. पानी घे."

मी म्हटलं, ऑफिसातली. हरेशला भेटायला आलेय.

"हरेश वसईला गेलाय. आठ दिस झालं, आजून आला नाय." तिने सूप जरा अलीकडे ओढलं, हरेशच्या हातातून. "दोघा गेल्ती म्हनं. ती पोरगी आली. माजा पोर नाय आला."

हरेश तिचं तोंड बघत होता. "आई, मी हाय ना गो," असं तो म्हणाला… अगदी हळू, जेवायला वाढ म्हणावं तसं. ती वाल सोलत राहिली. डोळे पुसायला तिने पदर उचलला तर पदराचं टोक त्याच्या खांद्यावरून गेलं आणि खांदा तिला लागला नाही.

परतताना आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याने माझ्याशी एकटीशीच गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी मी दिनानाथ सरांना सगळं खरं सांगितलं. सरांना नवल वाटलं नाही. त्यांना वहीत खाडाखोड होईल याची काळजी वाटली. नोंद रद्द करता येणार नाही म्हणाले. कोरी ओळ संपली म्हणजे तो दिवस संपला. मग जरा विचार करून, चष्मा पुसत, त्यांनी एक वाट सांगितली. जे बाहेर गेलेलं आहे ते बाहेरूनच आलं पाहिजे. "त्याला वसईला घेऊन जा आणि वसईहून घेऊन ये. मग आजच्या तारखेला प्राप्त करून घेऊ." आणि मी वळल्यावर, "क्षिप्रा, पाकिटातून आणू नकोस. उघडं असलेलं बरं."

म्हणून शेवटी आमची सहल निघाली. सोमवारी, पहाटे. पनवेलला मी दोन तिकिटं मागितली. खिडकीतल्या माणसाने माझ्या शेजारी बघितलं, हसला आणि एकच दिलं. हरेश म्हणाला, सरकार किती प्रामाणिक आहे बघ, नसलेल्या माणसाचं तिकीट काढत नाही.

डबा रिकामा होता. तळोज्याला खरंच धुकं होतं. कारखान्यांची धुराडी वरचा अर्धा भाग विसरल्यासारखी उभी होती. त्याने स्वेटर काढून मला दिला. मी नको म्हटलं, तर म्हणाला, मला थंडी वाजते हे सध्या कुणालाच पटणार नाही. मी स्वेटर दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. खाली त्याचा हात होता. गार होता, पण होता.

दिवा गेलं, भिवंडी गेलं. खारबाव सुटल्यावर तिकीट तपासनीस आला आणि म्हणाला, "दोघांची तिकिटं."

आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याने पेनाने आधी मला मोजलं, मग हरेशला. मी एक तिकीट दाखवलं. तो हरेशला बोल बोल बोलला. शिकलेला दिसतोस, लाज वाटत नाही, बरोबर मुलगी आहे आणि फुकट फिरतोस. हरेश भरल्या डोळ्यांनी ऐकत होता. आठ-दहा दिवसांत त्याला कुणी एवढं बोललंच नव्हतं. "अजून बोला ना, साहेब," तो म्हणाला. साहेब घाबरून कामण रोडला उतरून गेले.

मला वाटलं, सुटलो. वसई जवळ येतेय तसा हरेश दिसायला लागलाय.

बरोबरच होतं ते. वसईत तो सगळ्यांना दिसत होता.

स्टेशनबाहेर सुकेळी विकणारी बाई होती. तिने त्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, आज उशीर केलास? त्याच्या हातात एक सुकेळं ठेवलं. मी हात पुढे केला तर तिने माझा हात नसल्यासारखी टोपलीवरची माशी हाकलली. रिक्षावाल्याने त्याला पत्ता विचारला नाही. पापडीच्या चर्चबाहेर बांबू बांधणारी मंडळी म्हणाली, हरेश, काल अर्धवट सोडून गेलास, गोठ्याचं छप्पर तूच घाल. तो दोन बुधवारांपासून तिथेच होता. सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्याला माहीत नव्हतं.

आणि मी वसईहून परत गेलेली होते. वहीत तसंच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.

आत कॅथीड्रलमध्ये कुणी नव्हतं. उंच छत, लांबच लांब बाकं, आणि मधल्या वाटेवर आमच्या दोघांच्या पावलांचा आवाज – म्हणजे, आवाज एकाच्याच पावलांचा येत होता. मी मुद्दाम टाच आपटली. काही नाही.

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मी त्याला हिशोबाने समजावलं की तिकडे तू नाहीस, इकडे मी नाही; तेव्हा तू इथेच राहा, इथे तुला काम आहे, सुकेळी आहेत, आईला मी काहीतरी सांगेन. फार समजूतदारपणे बोलले. आवाज फक्त त्याला ऐकू येत होता, म्हणून रडायलाही संकोच वाटला नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिफ्ट बिघडली नव्हती."

"कधी?"

"कधीच नाही. पहिल्या दिवशीपण मीच चार नंबर दाबला होता. तू खाली उतरताना तुला रोज बघायचो. टाइमटेबल तीन आठवडे खिशात होतं." त्याने माझा हात घेतला; अख्ख्या वसईत त्याला एकट्यालाच तो सापडत होता. "मला तू दिसतेस, क्षिप्रा. मला बाकी कुणाला दिसायचं नाही."

मीही सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. माझ्या हाताने लिहिलेलं खरं ठरतं, हे आता कळलंय. तेवढं एक तरी न लिहिता खरं राहू दे.

संध्याकाळची परतीची गाडी. जूचंद्रला डब्यातला एक म्हातारा हरेशच्या मांडीला पाय लागू नये म्हणून सरकून बसला आणि माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. कामण रोड आलं. म्हाताऱ्याने दचकून पिशवी उचलली, म्हणाला, "माफ करा हं पोरी, दिसलं नाही." मग आमच्या दोघांकडे बघून हसला. जोडी छान आहे म्हणाला.

आता खारबाव येईल. खारबावच्या पुढे हरेशचा खांदा माझ्याशिवाय कुणाला लागणार नाही, आणि पनवेलला मी उतरेन तेव्हा लोक मला एकटीला उतरताना बघतील. दिनानाथ सर त्याला आवक करून घेतील म्हणाले होते खरे, पण त्यासाठी आधी त्यांना तो दिसायला हवा. हे मी हरेशला सांगितलं नाही. तो माझ्या खांद्यावर झोपलाय. स्वेटर दोघांच्या गुडघ्यांवर आहे. गाडीचा वेग कमी होतोय, बाहेर खाडीवर धुकं उतरलंय, आणि पर्समधल्या वेळापत्रकाची मागची बाजू कोरी आहे. तिथे अर्ज लिहिते.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी, रेल्वे.

विषय: गाडी थांबवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आज संध्याकाळची वसई-पनवेल मेमू ही कामण रोड व खारबाव या स्थानकांच्या दरम्यान, दोन्ही अर्जदार एकमेकांना व इतरांनाही दिसत असलेल्या स्थितीत, पुढील आदेश होईपर्यंत उभी ठेवण्यात यावी, आणि असे पुढील आदेश कधीही काढण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती.