वरच्या खोलीला नावं सापडेनात

"बाई, लवकर या. पोरगी सही करायला बसलीय."

फोनवर आयटीचे प्रमुख होते. चौकशीबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि चपला अडकवल्या. एकदा कबुलीजबाबावर सही झाली की खरं शोधायची कुणाला गरज वाटत नाही, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. खात्यात असं काही घडलं की चौकशी त्याच करत, म्हणून 'चौकशीबाई' हे नाव लोकांनी त्यांना पाठीमागे ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

प्रकरण वाईट होतं. ही अँब्युलन्स पाठवणाऱ्यांची कचेरी. खालच्या मजल्यावर फोन घ्यायचे आणि माहिती संगणकात लिहायची. वरच्या खोलीत ती पडद्यावर उमटायची आणि तिथले लोक गाड्या सोडायचे. परवा भर दुपारी वरच्या खोलीतले पडदे गेले. टेबलांवरचे फोनही त्याच जाळ्यावर, तेही मुके झाले. खालच्यांना याची गंधवार्ता नव्हती, ते लिहीतच राहिले. त्यातच एका बेकरीवाल्याच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता. गाडी पोचली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि मांडीवर नवऱ्याचं प्रेत.

नेटवर्क सांभाळणारी मुलगी मीटिंगच्या खोलीत बसली होती. डोळे सुजलेले. समोर छापील कागद, शेजारी पेन. दाराशी एक पोलीस अधिकारी घड्याळ बघत उभा होता.

"सही केलीस?"

"करते आहे."

"कशाबद्दल?"

"निष्काळजीपणे माणूस मारल्याबद्दल." तिचा आवाज अगदी सपाट होता. बाईंना रडण्यापेक्षा हा आवाज जास्त लागला.

"आधी मला नीट समजावून सांग. मी काही तुमच्यातली नाही."

मुलीने नाक पुसलं. "संगणक एकमेकांना नावाने ओळखतात, पण गाठायला नंबर लागतो. नाव दिलं की नंबर सांगणारा एक सर्व्हर असतो, डीएनएस. वरच्या खोलीतून त्याला विचारायला जायचं तर वाटेत फायरवॉल आहे. पहारेकरी म्हणा. मी त्यात दोन नियम लिहिले. पहिला, आपल्या आतल्या सर्व्हरला विचारायला परवानगी. दुसरा, बाकी कुणालाही विचारायला बंदी. बाहेरच्या भामट्या सर्व्हरकडे कुणी जाऊ नये म्हणून."

"यात चूक काय?"

"पहारेकरी वरून खाली वाचतो. जो नियम आधी लागू पडेल तो चालवतो, पुढचं बघतच नाही. परवा बंदी वर होती आणि परवानगी खाली. सगळेच अडले. नंबर देऊन बघितलं तर कॉल पाठवणारा सर्व्हर जिवंत, नावाने हाक मारली तर कुणी ओ देईना."

"क्रम तू उलटा लावलास?"

"मी नेहमी परवानगी वर लिहिते. पण नियमांवर नाव माझंच आहे." ती पेनाकडे बघत होती. "दोन दिवस विचार करून करून आता मलाच वाटतंय, मीच केलं असेल."

बाईंनी पेन उचललं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"संध्याकाळपर्यंत थांबा," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "कागद कुठे पळून जात नाही आणि पोरगीही नाही."

आयटीच्या प्रमुखांना सगळे प्रोफेसर म्हणत. सोप्यातली सोपी गोष्ट अवघड करून सांगायचा त्यांना नाद होता.

"बिघाड तुम्ही दुरुस्त केलात?"

"हो."

"फार चटकन केलात म्हणे. आधीच ठाऊक असल्यासारखा."

प्रोफेसर लाल झाले. "बाई, नंबर चालतो आणि नाव चालत नाही म्हटल्यावर शेंबडं पोरसुद्धा डीएनएसकडे बघेल! मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर आलो, पाहिलं, नियम खालीवर केले."

"तिने लिहिलेला नियम आपोआप लागू होतो?"

"नाही. मंजुरी लागते. मी देतो किंवा वरच्या खोलीचे प्रमुख, आपले काका, देतात, कारण बदल त्यांच्या खोलीला लागतो."

"मग परवा कुणी दिली?"

प्रोफेसरांनी खुर्चीत चुळबुळ केली. "मंजुरीचं खातं एकच आहे. पासवर्ड दोघांचा एकच. सोयीसाठी."

"वा! घराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. मंजुरी देताना ओळी वरखाली करता येतात?"

"माउसने ओढल्या की झालं."

"आणि नाव?"

"लिहिणाऱ्याचंच राहतं." हे बोलताना प्रोफेसरांना स्वतःलाच काहीतरी उमगलं असावं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी दिली नाही हो मंजुरी. माझ्या लेकीची शपथ."

खालच्या मजल्यावर बेकरीवाल्याच्या बायकोचा फोन घेणारी बाई कामावर आली होती. घरी बसवत नाही म्हणाली.

"वरचं बंद आहे हे तुला कधी कळलं?"

"एक ड्रायव्हर खाली आला, आज काम नाही का म्हणाला. मी म्हटलं, अरे, ढीग पडलाय! मग जी चिठ्ठी हाताला लागली तिच्यावर खरडलं आणि जिन्याने पळत गेले."

ती चिठ्ठी बाईंनी पाहिली. रस्ता, इमारतीचा नंबर आणि 'श्वास' एवढ्या तीनच गोष्टी.

"मजला नाही लिहिलास?"

"संगणकात सगळं लिहिलं होतं. पुढचं दार बंद, मागच्या जिन्याने या, तिसरा मजला. चिठ्ठीवर राहिलं. गाडीवाले पुढच्या दाराशी धडका देत बसले."

"चिठ्ठी कुणाच्या हातात दिलीस?"

"काकांच्या. त्यांनीच वायरलेसवर वाचून गाडी सोडली."

वरची खोली सील केली होती. काम तात्पुरतं दुसरीकडे हलवलं होतं, आणि त्या दुपारपासून तिथल्या एकाही संगणकाला कुणी हात लावला नव्हता. बाहेर फळ्यावर जुनी सूचना होती: लवकरच ही खोली बंद होऊन काम दूरच्या स्वयंचलित केंद्राकडे जाईल. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. केस पिकलेले, आवाज मऊ, सगळ्या इमारतीचा मान.

"ही खोली तुम्ही उभी केलीत म्हणे."

"अहो, इथल्या निम्म्या वायरी मी या हातांनी ओढल्यात. आधी जाळ्याचंच काम करायचो. मग इथे बसलो."

"परवा मंजुरी दिलीत?"

"छे. तो विषय प्रोफेसरांचा."

"पडदे गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"सगळ्यांना जागेवर बसवलं. म्हटलं, येईल इतक्यात, कुणी उठू नका. गोंधळात गोंधळ नको."

"आणि तुम्ही?"

"माझ्या केबिनमध्ये." काच असलेली कोपऱ्यातली केबिन, पडद्याची पाठ खोलीकडे. "चिठ्ठी आली, गाडी सोडली. मग जीव टांगणीला. ते पुढच्या दाराशी अडकलेत, वायरलेसवर ओरडतायत, आणि मी इथे मनात म्हणतोय, अरे, मागचा जिना, मागचा जिना! तिसरा मजला! पण नशीब फिरलं की…" त्यांनी डोळे पुसले.

बाईंना ती चिठ्ठी आठवली. गाड्या पाठवणारी माणसं पत्ता अर्धा सांगूच शकत नाहीत. मजला, जिना, दार, सगळं जिभेवर असतं. आयुष्यभराची सवय, दुःखातही सुटत नाही.

"प्रोफेसरांना बोलवा," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "मुलीलाही. आणि सील काढा."

"कशाला?" काका उठले. "मेलेल्याच्या नावाने नाटक कशाला करायचं?"

"नाटक तर नाटक. बसा."

खोलीतले सगळे संगणक सुरू झाले. पडद्यांवर कॉल दिसू लागले. बाईंच्या सांगण्यावरून प्रोफेसरांनी परवासारखा क्रम पुन्हा उलटा केला. क्षणभर काहीच झालं नाही. यंत्रांना जुना नंबर थोडा वेळ आठवतो, मुलगी पुटपुटली, मग ती विसरतात. मग एक पडदा गेला. त्याच्या शेजारचा गेला. 'सर्व्हर सापडत नाही' हे शब्द खोलीभर पसरले.

चौकशीबाई केबिनमध्ये शिरल्या आणि काकांचा पडदा वळवून खोलीकडे केला. त्यावर कॉल येतच होते.

मुलगी पुढे झाली, कळा दाबल्या आणि एक छोटी फाईल उघडली. "कॉल पाठवणाऱ्या सर्व्हरचा नंबर हाताने लिहून ठेवलाय," ती म्हणाली. "ह्या संगणकाला कुणाला विचारायची गरजच नाही. आणि हे लिहिलंय त्या दिवशी सकाळी. माझा नियम लागू व्हायच्या आधी."

"दुपारी काय होणार हे सकाळी कुणाला ठाऊक असेल?" बाई म्हणाल्या. "ज्याला ते करायचं आहे त्याला. काका, मुलीचे नियम मंजुरीला आले आणि तुम्हाला आयती संधी मिळाली. ओळ ओढली, मंजुरी दिली, खापर फुटणार तिच्या डोक्यावर. प्रोफेसर मीटिंगमध्ये, म्हणजे दुरुस्तीलाही कुणी नाही. तुम्हाला माणूस मारायचा नव्हता. फळ्यावरची ती सूचना खोटी पाडायची होती. जाळं गेलं तर दूरच्या केंद्राला कोण चिठ्ठी नेऊन देणार? इथे निदान जिना तरी आहे. हेच दाखवायचं होतं ना?"

काका खाली बसले. "माझ्या लोकांची पोटं आहेत, बाई."

"आहेत. म्हणून स्वतःचा पडदा चालू ठेवलात, वेळ आली तर थांबवता यावं म्हणून. ती वेळ आली. मागच्या जिन्याबद्दल चिठ्ठीवर एक अक्षर नव्हतं. त्या क्षणी या खोलीत ते फक्त या पडद्यावर होतं. तुम्ही ते बेकरीवाल्याचा कॉल आला तेव्हाच वाचलंत. कुणालाही नुसतं खाली पाठवलं असतंत तरी पुरलं असतं. तुम्ही सगळ्यांना बसवून ठेवलंत. आणि गाडी दाराशी अडकली तेव्हाही तोंड उघडलं नाहीत, कारण तुम्हाला ते कसं कळलं हे सांगावं लागलं असतं."

"वाटलं, आणखी थोडं. गाडी जवळच उभी होती. पोचेल वाटलं." काका हातांकडे बघत होते. "मग उशीर झाला. मग बोलायची सोयच राहिली नाही."

अधिकाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठले. जाताना मुलीसमोर थांबले आणि हात जोडले.

"पोरी, मला माफ कर."

"दोन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसलात, काका," ती म्हणाली. "पाणी आणून दिलंत. घरी सोडायला आलात. माझ्या आईला म्हणालात, पोर गुणाची आहे, चूक कुणाकडूनही होते. मला म्हणालात, सही करून टाक, मन हलकं होईल."

काकांनी मान खाली घातली.

"मी करणार होते," ती म्हणाली. "आणि जन्मभर मला वाटत राहिलं असतं की तो माणूस मी मारला. तुम्ही दर दिवाळीला भेटायला आला नसतात का हो, माझी समजूत काढायला?"

अधिकारी काकांना घेऊन गेला. मग मुलगी खुर्चीत बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि चौकशीबाईंनी तिला थांबवलं नाही.