गोठू न देणारं औषधच गोठलं!

लडाखच्या उंच पठारावर, जिथे तोंडातून निघालेली वाफसुद्धा गोठून भुवयांवर बसते, तिथे एक केळ वाढत होती. थाप वाटते ना? पण काचघरात ती खरंच होती आणि तिला नुकतंच जांभळं केळफूल येऊ लागलं होतं. केळीची मालकीण होती शाल्मली. ती रोज पानांखाली आडवी पडून गळणारा हिरवा उजेड बघत राहायची. मग तिला वाटायचं, बाहेरचा सगळा बर्फ कुणाच्या तरी स्वप्नातला आहे.

काचघराला ऊब द्यायचा तो हीट पंप (बाहेरच्या गारठ्यातही जी थोडीफार उष्णता असते, ती गोळा करून आत आणणारं यंत्र). त्याचा नळ अंगणातून फिरून यायचा. त्या नळात पाणी आणि ग्लायकॉल (पाण्याला सहजी गोठू न देणारा द्रव) भरायचं काम ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाचं. काल तो पाणी ओतायला लागला तशी शाल्मली कडाडली, "अरे ठोंब्या, औषधात पाणी? भेसळ करतोस?" ठोंब्याने तरीही निम्मं निम्मं मिसळून भरलंच. यंत्रमानव झाला म्हणून काय झालं, हट्टी तो हट्टीच!

आज सकाळी मात्र आक्रीत घडलं. पारा शून्याखाली पंचवीस अंशांवर गेला होता आणि अंगणात राहिलेल्या कॅनमधलं निव्वळ ग्लायकॉल चक्क घट्ट गोठलं होतं.

शाल्मलीने कॅन हलवून पाहिला. निव्वळ औषधाची ही गत, तर पाणी घातलेल्याचं काय? नळात बर्फ धरला की तो फुगणार, नळ फुटणार, ऊब बंद होणार. तिची केळ काळी पडणार! ती रडकुंडीला येऊन ओरडली, "ठोंब्या, नळ रिकामा कर! आत्ताच्या आत्ता!"

"नळ रिकामा केला तर पंप थांबेल," ठोंब्या म्हणाला. "दुपारपर्यंत काचघर गोठेल. तरी करू?"

तेवढ्यात उर्मिलाआत्या धावत आली. हे काचघर तिनेच उभारलेलं, ती शास्त्रज्ञ होती.

"थांब गं बाई! आधी नळात काय आहे ते बघ तरी."

आत्याने अंगणातली तोटी जराशी सोडली. बरणीत गुलाबी धार पडली.

"अगं, हे तर वाहतंय!" शाल्मली चकित झाली. "निव्वळ ते गोठलं आणि भेसळीचं वाहतंय? हे उफराटंच झालं!"

"शाळेत प्रार्थनेला ओळी लावता ना?" आत्या म्हणाली. " पाण्याचे रेणू (पाण्याचे अतिसूक्ष्म कण) गारठले की तशाच ओळी धरतात. त्या पक्क्या ओळी म्हणजेच बर्फ. आता तुमच्या ओळीत दुसऱ्या शाळेची दंगेखोर पोरं घुसली तर?"

"ओळ लागणारच नाही! बाई ओरडून दमतील."

"ग्लायकॉलचे रेणू अगदी हेच करतात."

शाल्मलीचे डोळे लकाकले. "पण ती पोरं एकटीच असली, तर आपसात ओळ लावतील! त्यांनाही मोडायला आपली पोरं हवीत. म्हणजे पाणी हवं!"

"शाब्बास! निम्मं निम्मं असलं की शून्याखाली पस्तीस अंशांपर्यंत ते बर्फ धरत नाही. चाखून मात्र बघायचं नाही हं. गोड लागतं, पण विष आहे."

"ठोंब्या, माझं चुकलं रे," शाल्मली म्हणाली. "काही रिकामं करू नकोस."

पंप घुमत राहिला. काचघरात शिरून ती पुन्हा केळीच्या पानांखाली आडवी पडली. "आत्या, हे मंगळावर चालेल?"

"तिथे याहून कितीतरी गार. वेगळं मिश्रण शोधावं लागेल."

"मी शोधीन."

शाल्मलीने डोळे मिटले. तांबड्या माळावर एक इवलंसं काचघर दिसलं, त्यात तिच्याच वयाची, कायम उबेतच वाढलेली मुलगी. ती मुलगी कुणाला तरी पुन्हा पुन्हा विचारत होती, "पण थंडी म्हणजे नेमकं काय असतं?"