वरचे ऐंशी रुपये

"साहेब, दुसऱ्याच्या खात्यातले पैसे चोरायचे असतील, तं कसे चोरायचे?"

बँकेचे साहेब चष्मा पुसत होते. त्यांचा हात तसाच थांबला. केबिनच्या काचेबाहेर ट्यूशनच्या मुली एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. हा प्रश्न साहेबांच्या तोंडावर विचारला, तर आठवडाभर गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, प्लेटा त्यांच्याकडून. त्यांना वाटत होतं, ही गंमत आहे. गुंजनला उत्तर खरंच हवं होतं, हे फक्त तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला, आकांक्षाला माहीत होतं.

गेल्या वर्षापर्यंत गुंजन वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. नववीच्या स्नेहसंमेलनात वक्तृत्वाचा कप मिळाला आणि तेव्हापासून तिची जीभ जी सैल सुटली, ती आवरायचं नाव घेत नव्हती.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कार्ड पाहिजे, पिन पाहिजे. अन मशीनमधी नोटा पाहिजे. आमच्या मशीनमधी शंभराच्या अन पाचशेच्याच नोटा असतात, त्याही दुपारून संपतात. तवा चोरानं सकाळीच यावं. कोणाच्या खात्यातून गेले?"

"आईच्या."

"मग आईले पाठव पासबुक घेऊन. तिच्या खात्याचं मी तुले कसं सांगू?"

अडचण नेमकी तिथंच होती. गुंजनची आई, शोभाबाई, बँकेत यायला तयार नव्हत्या. चौकशी केली की संध्याकाळपर्यंत हिंगणघाटच्या अख्ख्या बाजारात बोभाटा होतो, मधुकररावांच्या घरी सूनच चोर निघाली, असं त्यांचं म्हणणं.

सून म्हणजे अंजू, गुंजनच्या मोठ्या भावाची, योगेंद्रची बायको. सेलूच्या शेतकऱ्याच्या घरची. लग्नाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. तिला वर्ध्याला बी.एड. करायचं होतं, आणि गंमत म्हणजे तिच्यासाठी घरात सगळ्यांत जास्त भांडल्या होत्या त्या शोभाबाईच. फीसाठी म्हणून त्यांनी आपल्या खात्यात बरोब्बर वीस हजार टाकून ठेवले. मग योगेंद्र आणि अंजू हैदराबादला फिरायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी आपलं नवंकोरं कार्ड सुनेच्या पर्समध्ये ठेवलं. "अडीनडीले असू दे. योगेंद्रजवळ नको देऊ, तो हरवते."

दोघं परत आले. कार्ड परत आलं. आणि परवा फीचे अठरा हजार काढायला शोभाबाई मशीनसमोर उभ्या राहिल्या, तर पैसे निघेनात. मशीनच्या चिठ्ठीवर शिल्लक होती चौदा हजार सातशे वीस.

गुंजनचे बाबा, मधुकरराव, सरकी-ढेपेचे, म्हणजे गुरांच्या खाद्याचे व्यापारी. फीचे पैसे गल्ल्यातून द्यायला त्यांना जड नव्हतं. पण त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "पैसे गेले कुठं, ते कळल्याबिगर फी भरायची नाई." फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती. आज शनिवार.

अंजूवहिनी त्या वेळी ताट घेऊन उभी होती. तिने नुसतं वरण वाढलं. गुंजनला रात्रभर ते वरण वाढणं दिसत राहिलं.

"मले तं धर्मेंद्रदादावर डाउट आहे," बँकेच्या पायऱ्या उतरताना आकांक्षा म्हणाली. "त्याच्याजवळ नवा मोबाइल आहे. कॅमेऱ्यावाला."

"चल, त्यालेच विचारू."

धर्मेंद्र गुंजनचा चुलतभाऊ, दुकान तोच बघायचा. दोघी पोचल्या तेव्हा तो एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. गिऱ्हाईक मागच्या थप्पीकडे बोट दाखवत होतं.

"अबे, पोती तं दिसून राह्यली ना समोर."

"दिसून राह्यली, पण देता येत नाई, काका. हरिदासभाऊनं फोन करून बाजूले ठेवाले लावली. ते नेतील, नाईतं नाई म्हणतील, तवा मोकळी होतील."

गिऱ्हाईक बडबडत गेलं. धर्मेंद्रने गमछाने कपाळ पुसलं. "काऊन आल्या? दुकानात काही खायाचं नाई, ढेप सोडून."

"दादा, आईच्या कार्डाचा पिन तुले माहीत आहे?" गुंजनने आडवळण न घेता विचारलं.

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. "मीच तं गेलतो काकूसोबत, पिन बनवाले. मले चोर म्हणून राह्यली काय, गुंजन?"

"म्हणत नाई. विचारून राह्यली."

"मग ऐक. एक तं कार्ड वहिनीजवळ हैदराबादले होतं. मी इथं पोती मोजत होतो. अन दुसरं, मले चोरायचेच असते, तं मी वीसच्या वीस नसते काढले? अर्धेमुर्धे कोण चोरते? चोराले काय लाज असते?" तो बाकावर बसला. "मोबाइल किस्तीवर आहे. पण पोरी, एक सांगू? कोणी काही म्हणो, वहिनीनं नाई केलं. मले ताप आलता तं माह्यासाठी तीनदा पेज बनवली तिनं. काकूनं एकदा."

बाहेर आल्यावर आकांक्षाने मान हलवली. "बरोबर बोलला. म्हणजे वहिनीच ना."

"तू गप बस."

"पण कार्ड तिच्याजवळ होतं. अन येताना ते सेलूवरून आले. तिनं तिथं आपल्या आईसाठी साडी घेतली. तुह्या आईले कळलं ते."

हे खरं होतं, म्हणून गुंजन सरळ घराकडे वळली.

अंजूवहिनी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होती. तिने दोघींना बसायला पाट सरकवला आणि आकांक्षापुढे शेंगदाण्याचा लाडू ठेवला. वहिनी गुंजनला 'गुंजनताई' म्हणायची. नणंद वयाने लहान असली तरी ताईच. गुंजनला ते भारी आवडायचं, पण आज कसंतरीच झालं.

"विचारा ना ताई," अंजूच म्हणाली. "कोणी विचारत नाई, नुसतं पाहतात. त्यापेक्षा विचारलेलं बरं."

"कार्ड पर्समधून किती वेळा काढलं?"

"एकदा. हॉटेलात शिरलो तवा. काउंटरवरच्या माणसानं मागितलं. मी म्हटलं, पैसे तं हे नगदी देणार आहेत. तो म्हणे, राहू द्या, सगळ्यांचंच घेतो. छोट्या मशीनमधून सरकवलं, चिठ्ठी निघाली, ती त्यानंच ठेवली. कार्ड मले लगेच वापस दिलं. मी पाहतच होती."

"पिन मागितला?"

"नाई."

"अन साडी?"

अंजूचा हात ज्वारीतच थांबला. "सेलूच्या बाजारातली आहे, ताई. सहाशेची. लग्नाआधी मी पोरांच्या शिकवण्या घेत होती, त्यातले होते. त्या दुकानात तं पंखासुद्धा नाई, कार्डाचं मशीन कुठून येणार?" एक खडा वेचून बाजूला टाकत ती म्हणाली, "फी नाई भरली तरी चालते आता. पण सासूबाई दोन दिवसांपासून मले चाव्या देत नाईत. स्वतःच उठून कपाट उघडतात. आधी कसं, अंजू हे काढ, अंजू ते काढ."

आकांक्षाचा लाडू हातातच राहिला. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मी माहा डाउट वापस घेते."

उरला योगेंद्रदादा. तो गच्चीवर अँटेना हलवत होता.

"दादा, हॉटेलचं भाडं किती होतं?"

"बावीसशे रोज. दोन रात्री राह्यलो. एसी होता, गरम पाणी होतं, साबण फुकट. तुले आणला ना एक?"

"आणला. बिल कसं दिलं?"

"नगदी. बाबानं दिलेलं कॅश होतं. आपण काय कार्ड घासणारे लोक आहोत?"

"पावती?"

योगेंद्र अँटेनाकडे वळला. "हरवली असन."

"पूर्ण भाव दिला?"

"ढेपवाल्याचा पोरगा आहे मी," तो छाती काढून म्हणाला, "पूर्ण भाव आपण कुठं देतो?" आणि मग एकदम घाईने, "जा बरं खाली, चित्र गेलं."

गुंजन खाली आली ती सरळ न्हाणीघरात. हैदराबादचा तो छोटा साबण तिने अजून फोडला नव्हता. वेष्टनावर हॉटेलचं नाव होतं, खाली फोन नंबर. आकांक्षाला घेऊन ती कोपऱ्यावरच्या एस.टी.डी.वर गेली. बोलणं हिंदीत झालं. आकांक्षाला बूथच्या काचेतून फक्त गुंजनच्या भुवया दिसत होत्या. त्या वर जात होत्या, आणखी वर जात होत्या.

"काय म्हणे?"

"चहाच्या वेळेले घरी ये, कळन."

संध्याकाळी सगळे बैठकीत जमले. मधुकरराव झोपाळ्यावर, शोभाबाई खाली भिंतीला टेकून, योगेंद्र दाराशी, धर्मेंद्र स्टुलावर. अंजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. गुंजन मध्ये उभी राहिली, वक्तृत्वाला राहिली होती तशी.

"बाबा, किती पैसे कमी आहेत?"

"पाच हजार दोनशे ऐंशी. पाठ झालं आता."

"ते वरचे ऐंशी रुपये मशीननं कसे दिले?"

मधुकररावांचा झोपाळा थांबला.

"बँकेचे साहेब म्हणाले, मशीनमधी शंभराच्या अन पाचशेच्याच नोटा असतात. मग ऐंशी निघू शकत नाईत. म्हणजे मशीनमधून कोणी पैसे काढलेच नाईत. पिन कोणाले माहीत आहे, याले अर्थच नाई. धर्मेंद्रदादा सुटला."

"मी अटकलो कवा होतो?" धर्मेंद्र पुटपुटला.

"मग कार्ड दुकानात घासलं असन," शोभाबाई म्हणाल्या. त्यांनी अंजूकडे पाहिलं नाही. "साडी..."

"साडी सेलूच्या दुकानातली, आई. तिथं कार्डाचं मशीन नाई, पंखाही नाई. कार्ड पूर्ण प्रवासात एकदाच मशीनमधून गेलं. हॉटेलच्या काउंटरवर. अन तिथंसुद्धा पैसे घ्याले नाई."

"मग कायले?" मधुकररावांनी विचारलं.

"बाजूले ठेवाले." गुंजन धर्मेंद्रकडे वळली. "दादा, आज हरिदासभाऊंची पोती दुकानात होती, तरी तू त्या काकांले काऊन नाई दिली?"

"त्यांच्या नावानं ठेवली होती म्हणून."

"विकली होती?"

"नाई. आपलीच आहेत. पण मोकळी नाईत."

"बस. आईच्या वीस हजारांचं तेच झालं. हॉटेलवाले गिऱ्हाईक आत शिरताना कार्ड सरकवतात, अन बँकेले सांगतात, याच्या खात्यातली एवढी रक्कम माह्या नावानं अडवून ठेव. गिऱ्हाईक बिल न देता पळालं तं तिथून घेतात. पैसे खात्यातच असतात, पण मशीन ते मोजत नाई, कारण ते मोकळे नाईत."

"पण पाच हजार दोनशे ऐंशीच काऊन?" आकांक्षाने विचारलं.

"बावीसशे रोज, दोन रात्री, चव्वेचाळीसशे. उरले आठशे ऐंशी. म्हणजे चव्वेचाळीसशेचा पाचवा हिस्सा. मले तो हिशेब जमला तवाच मी हैदराबादले फोन केला. ते म्हणे, खाण्यापिण्यासाठी भाड्यावर वीस टक्के जास्त धरतो, सगळ्यांचंच धरतो."

मधुकरराव व्यापारी होते. त्यांनी नेमकी जागा पकडली. "बिल तं नगदी दिलं ना योगेंद्रनं? मग सोडाले पाहिजे होतं."

सगळ्यांनी योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रने पायाकडे.

"दादा, तू सांगते का मी सांगू?"

"चारशे रुपये कमी केले त्यानं," योगेंद्र म्हणाला. "म्हणे पावती मागू नका, कच्च्यात चार हजार द्या. मले वाटलं, फायदा झाला."

"झाला ना," गुंजन म्हणाली. "त्या माणसानं चार हजार खिशात घातले. कॉम्प्युटरमधी तुमचं बिल आलंच नाई, मले फोनवर तेच सांगितलं. म्हणून हॉटेलच्या लेखी तुम्ही अजून बिल द्यायचे आहात, अन आईचे पैसे अडकून आहेत. पक्की पावती घेतली असती, तं त्यांनी तवाच सोडलं असतं. तू हे दोन दिवस बोलला नाई, कारण बाबा रागावतील. अन वहिनी दोन दिवस चोर राह्यली."

"मले खरंच नाई समजलं, याचा त्याच्याशी संबंध आहे म्हणून," योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. गुंजनला ते खरं वाटलं.

मधुकररावांनी फोन ओढून घेतला आणि हैदराबादला लावला. मालकाशी बोलले. आधी चढ्या आवाजात, मग "असं होय", मग "हो हो". ठेवला. "सोडतो म्हणे. बँकेत यायले चार-पाच दिवस लागतात. खातं पूर्ण आहे." त्यांनी खिशातून गल्ल्याची चावी काढून धर्मेंद्रकडे टाकली. "फीचे अठरा हजार आण दुकानातून. सोमवारी भरून टाकू. चला, झालं, संपलं. अंजू, चहा टाक बरं."

अंजू आत वळली. शोभाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसल्या. त्यांना काही म्हणायचं होतं, हे गुंजनला दिसत होतं. पण सासूने सुनेला 'माह्यं चुकलं' म्हणणं, हे त्या घरात कोणी कधी केलेलं नव्हतं. योगेंद्र अँटेना बघायला निघाला. झोपाळा पुन्हा हलू लागला. स्वयंपाकघरात कप वाजले, आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही.

गुंजन आत गेली. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, दूध उतू चाललं होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. गुंजनने गॅस बंद केला, वहिनीच्या हाताला धरलं आणि तिला बैठकीत आणून शोभाबाईंच्या शेजारी बसवलं.

"ताई, चहा," अंजू म्हणाली.

"चहा दादा टाकते. दादा, जा."

योगेंद्र गेला. मुकाट गेला.

"आई, बाबा, मी एक ठरवलं आहे," गुंजन म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला, पण तिने तो कापू दिला. "उद्या सकाळच्या एस्टीनं मी वहिनीसोबत सेलूले चालली. सोमवारी तिथूनच वर्ध्याले जाऊन आम्ही दोघी फी भरू. मग सेलूलेच राहू. शाळा सव्वीस तारखेले उघडते, तवा मले काही घाई नाई. तुम्ही दोघं घ्याले याजो. वहिनीच्या आईबाबांसमोर बसजो, अन आता इथं जे कोणाच्या तोंडून निघालं नाई, ते तिथं म्हणजो. तवाच आम्ही वापस येऊ."