टायमिंगचा खटका

शनिवारची दुपार. धाकट्या मिस्त्रीने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तो पुन्हा त्याच गाडीसमोर येऊन उभा राहिला. वय अठ्ठावन्न, थोरल्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी तो अजून धाकटाच होता.

मोटारसायकल थोरल्याची. पाचशे सीसीची, एका सिलिंडरची, त्याच्या लग्नाच्याही आधीची. मुळात तगडी, त्यात थोरल्याने हौसेने पिस्टन बदलून कॉम्प्रेशन आणखी वाढवलेलं. त्यामुळे रस्त्यावर ती कुणाला हार जायची नाही, पण सुरू करताना दोन माणसांचा घाम काढायची. थोरल्याच्या मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. जाईन तर बाबांच्या गाडीवरूनच, असं म्हणून ती हटून बसली होती. चार वाजता ती गाडी न्यायला येणार होती.

आणि गाडी सुरू झालेली नव्हती. खरं सांगायचं तर धाकट्याने तीन दिवसांत एकदाही किक मारली नव्हती. प्लग नवा घातला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, ठिणगी निळीशार पडत होती. उगाच पाने पुसायचे, हात धुवायचे, पुन्हा काळे करायचे, असं चाललं होतं. त्याची नजर सारखी हँडलच्या डाव्या बाजूकडे जात होती.

तिथे टायमिंगचा खटका होता. किक मारताना तो मागे ओढलेला हवा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते. पुढे राहिला तर ठिणगी आधीच पडते, इंजिन उलटं फिरतं आणि किक अशी उसळते की पायाचं हाड जागेवर राहत नाही. म्हणून दोघा भावांची एक रीत होती. थोरला किकवर उभा, धाकटा हँडलपाशी. थोरला विचारायचा, "मागे?" धाकटा खटका बघून सांगायचा, "मागे!" मगच पाय खाली. तीस वर्षं हे असंच चाललं.

मग एके दिवशी धाकटा एका गिऱ्हाइकाशी थट्टामस्करी करत होता. पाठीमागून थोरल्याने विचारलं, "मागे?" धाकट्याने मान न वळवताच म्हटलं, "मागे!" खटका पुढे होता. थोरल्याची नडगी मोडली, आणि तीन आठवड्यांनी रक्ताची गाठ छातीत जाऊन तो गेला. हॉस्पिटलात जो येईल त्याला तो एकच सांगायचा, "पाय घसरला माझा." सांगताना एकदाच त्याने धाकट्याकडे पाहिलं होतं. ती नजर धाकट्याला झोपेतही सोडत नव्हती. त्याने आजवर कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं, वहिनींपुढे तर नाहीच.

आणि आता बुधवारपासून हे सुरू झालं होतं. तो खटका मागे ओढायचा, किकपाशी यायचा, आणि वळून पाहिलं की खटका पुढे. स्क्रू सैल असेल म्हणून त्याने आवळला. गुरुवारी खटक्याची केबल बदलली. शुक्रवारी खटका तारेने हँडलला करकचून बांधला. सकाळी ती तार नीट गुंडाळून बाकावर ठेवलेली होती, थोरला ठेवायचा तशी, आणि खटका पुढे होता. शटरची किल्ली तर एकट्या धाकट्याकडे. त्याचं धाबं दणाणलं होतं.

"काका, झाली का तयार?"

शटरखालून वाकून पुतणी आत आली. पायात बाबांचेच जाड बूट.

"आज नको न्यायला, बाळा. अजून काम बाकी आहे हिचं."

"काय बाकी आहे?"

"म्हणजे... बघावं लागेल."

"तीन दिवस झाले काका, बघतच आहात! तुमचे गुडघे गेलेत, हे सरळ सांगा ना. सरका, मी मारते. तुम्ही हँडल धरा."

तो नाही म्हणेपर्यंत ती किकवर चढलीसुद्धा. धाकट्याने घाईने खटका मागे ओढून अंगठ्याने दाबून धरला. तिने पिस्टन हळूहळू वर आणला. बापाच्या हाताखाली शिकलेली पोर, एक गोष्ट चुकली नाही. इंजिनातून दाबलेली हवा सुटली... हुश्श. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा वास दाटला.

"मागे?" तिने विचारलं.

आवाज तिचाच होता. पण धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण त्याच्या अंगठ्याखाली खटका हलला होता. कुणीतरी सावकाश, घाई न करता तो पुढे रेटत होतं. त्याने दुसरा हातही लावला. बोटं पांढरी पडली. खटका पुढे सरकतच राहिला.

"काका, मागे ना?"

तिने दीर्घ श्वास घेतला, टाचा उचलल्या. सगळं वजन आता खाली येणार...

"नाही! उतर... उतर खाली!"

ती दचकून उतरली. धाकटा मटकन स्टुलावर बसला.

"पाय घसरला नव्हता त्याचा," तो म्हणाला. "मी न बघता मागे म्हटलं होतं. मी मारलं गं तुझ्या बाबांना..."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाशी काय थट्टा चालली होती, तेही. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. पुतणीचा चेहरा पाहवत नव्हता.

हँडलपाशी बारीकसा आवाज झाला. खटका आपला आपण मागे आला होता.

तिने तो बघितला, बोटाने चाचपला आणि किक मारली. एकाच किकमध्ये गाडी धडधडू लागली.

"आईला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मला नाही जमणार." आणि डोळे पुसत ती गाडीवरून निघून गेली.

वहिनींचं घर दहा मिनिटांवर होतं. धाकट्याला तेवढी वाट संपेना. दोनदा तो परत फिरला. पण छातीवरचा दगड निम्मा उतरला होता, उरलेला घेऊन आता जगवणार नव्हतं.

बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. वहिनी नेहमीसारख्याच शांत होत्या. डोळे मात्र रडून सुजलेले.

"या भाऊजी."

"वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी..."

"माहीत आहे मला. गाडी सुरू करताना तुम्ही बघितलं नव्हतं."

"पोरीने फोन केला का?"

"नाही हो. ती तर अजून रस्त्यात असेल." वहिनी दारातून बाजूला झाल्या. आत टेबलावर चहाचे दोन कप होते, दोन्ही अर्धे प्यालेले. सगळ्या घरात पेट्रोलचा वास भरून राहिला होता. त्या हळूच म्हणाल्या, "ते म्हणाले, तुम्ही कबूल केल्याशिवाय मला सांगायचं नव्हतं त्यांना. बसा ना... हात धुताहेत. येतीलच."

आतल्या बाजूला पाणी पडत होतं. धाकटा उंबऱ्यावरच थिजला.

नळ बंद झाला.